वॉर्मरची चिप

ब्राह्मी मगदूम सांगलीत इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करायची. आटपाडीच्या एका लहान प्रसूतिगृहातलं, नवजात बाळांना ऊब देणारं वॉर्मर बंद पडलं, तसं डॉक्टर राजेश्वरींनी तिला बोलावून घेतलं. यंत्र जुनं होतं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. ब्राह्मी लॅपटॉप आणि चिप वाचायचं-लिहायचं डबडं पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं गेली.

दोष लवकर सापडला. किती ऊब द्यायची, कुठं थांबायचं, गजर कधी वाजवायचा, हे सगळं एकाच चिपमध्ये लिहिलेलं होतं. तसल्या जुन्या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. ती कागदाच्या पट्टीनं झाकावी लागते, नाहीतर उन्हानं आतलं लिहिलेलं हळूहळू पुसत जातं. इथली पट्टी गळून पडली होती, झाकण फुटलं होतं, आणि यंत्र वर्षानुवर्षं खोलीच्या खिडकीशी उन्हात उभं होतं.

तिनं चिप डबड्यात बसवली, काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप केली आणि आतलं सगळं फाइलीत उतरवून घेतलं. मग परत एकदा उतरवलं. दोन्ही फाइली ताडून बघितल्या, तर काही जागा जुळेनात. पुसट झालेला शून्य कधी शून्य वाचला जात होता, कधी एक. त्या डळमळत्या जागा तिनं एकेक करून सुधारल्या आणि नवी चिप लिहून यंत्रात घातली. यंत्र सुरू झालं, तापमानही बरोबर दाखवायला लागलं.

तरी तिनं डॉक्टरांना सांगितलं, की यावर बाळ ठेवू नका. जे शून्य पार पुसून एक झाले असतील, ते मुळातल्या एकासारखेच दिसणार, ते ओळखायला काही मार्ग नाही. शिरवळच्या एका दवाखान्यात असंच यंत्र आहे, तिथल्या चिपची चांगली नक्कल आणते. डॉक्टर बरं म्हणाल्या.

ती वायरी गुंडाळत होती तेवढ्यात धुळा नावाच्या मेंढपाळानं बायकोला जीपमधून आणलं. दिवस भरायचे होते, आणि रक्त जात होतं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. आईचं रक्त थांबेना, त्यामुळे बाळाला तिच्या अंगाशी देता येईना. डॉक्टर हातमोजे न काढताच ब्राह्मीपाशी आल्या.

"चालू कर ते."

"मॅडम, एखादा अंक गेला असेल तर ते तापतच राहील. गजरसुद्धा त्याच चिपमध्ये आहे."

"काही गेलेलं दिसतंय का तुला?"

"दिसत नाही. दिसणारच नाही, हेच तर सांगतेय."

डॉक्टरांनी बाळाच्या अंगाचं तापमान बघत राहायला नर्सला यंत्रापाशी उभं करायचं बोलून पाहिलं, पण त्याला शिकलेलंच माणूस हवं होतं, नर्स एकच होती आणि ती आईपाशी हवी होती. शेवटी त्यांनी बाळाला सांगलीला न्यायला गाडी मागवली. धुळाला सदरा काढायला सांगितला, मुलगी त्याच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून घोंगडं पांघरलं. गाडी निघाली. तासगाव यायच्या आधीच मुलगी गार पडली आणि गेली. फोन आला तेव्हा ब्राह्मी अजून यंत्राजवळच बसून होती.

पुढच्या आठवड्यात ती शिरवळला गेली. तिथल्या चिपची पट्टी शाबूत होती. कितीदाही वाचली तरी मजकूर तोच येत होता. तिथंच बाकड्यावर बसून तिनं ही फाइल आणि आटपाडीला त्या दिवशी स्वतः तयार केलेली फाइल ताडून बघायची आज्ञा दिली. दोन फाइली सारख्या असल्या, की ही आज्ञा काहीच बोलत नाही. आताही पडद्यावर काहीच आलं नाही. ब्राह्मीनं परत टाईप केलं. तेच.

आटपाडीला आल्यावर तिनं हे राजेश्वरींना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुला तेव्हा कळणं शक्यच नव्हतं, आणि हे तू त्या माणसाला सांगू नकोस. धुळा बाहेरच बसला होता, बायकोला तपासायला घेऊन आला होता. पण ब्राह्मीला त्याच्यासमोरून तशीच निघून जाववेना. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"म्हंजी त्या दिशी ती मशीन बराबर चालली असती?"

"चालली असती."

"पर तुमाला तवा ठाव न्हवतं."

"नव्हतं."

तो हाताच्या नखांकडं बघत राहिला.

"मला सांगाया नगं हुतं ताई," तो म्हणाला. "आमी मनाची समजूत घातली हुती, की तिचं आयुष्यच तेवढं. आता घरी गेल्यावर हिला मी काय सांगू?"

आतून त्याच्या बायकोनं हाक मारली, तसा तो उठला आणि आत गेला.