आत की बाहेर

मेजूला पाहून लोक म्हणत, केवढा मोठा आणि किती शांत. शांत तो होताच, समोरून दुसरं कुत्रं येईपर्यंत. ते आलं की चौतीस किलोचा हा गडी मागच्या पायांवर उभा राही आणि यांग-मीबाईंचा खांदा निखळायचा तेवढा बाकी राही. मांसासाठी कुत्री पाळणाऱ्या, बंद पडलेल्या एका फार्मच्या पिंजऱ्यातून त्याला सोडवलं होतं. तिथे शेजारचं कुत्रं म्हणजे तोंडचा घास पळवणारं. तो धडा तो विसरला नव्हता.

यांग-मी इंचॉन शहरात पडदे शिवायच्या आणि उरल्या वेळात कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या संस्थेचं काम करायच्या. दोन वर्षं मेजू त्यांच्याच फ्लॅटमध्ये होता. आता इमारतीच्या समितीनं त्याला हलवायला महिनाअखेरची मुदत दिली होती. त्यानंतर त्याला चाळीस कुत्र्यांच्या आश्रयकेंद्रात ठेवायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

त्याला दत्तक घ्यायला अर्ज दोनच आले. पहिला एका तरुण जोडप्याचा. सोळावा मजला, बक्कळ जागा, प्रशिक्षकाचा नंबरसुद्धा तयार. यांग-मी मेजूला दाखवायला घेऊन गेल्या. लिफ्टचं दार उघडलं, तर आत बाबागाडीत रिबिनी लावलेलं पांढरं कुत्रं. पुढचं सांगायला नकोच. जोडप्यातली मुलगी जमिनीवर पडल्यापडल्याही म्हणाली, "आम्ही शिकू." पोरगी चांगली होती, हीच पंचाईत. त्या लिफ्टमध्ये रोज अशी किती कुत्री चढणार होती?

दुसरा अर्ज जॉन्गसनच्या प्यो आजोबांचा. डोंगरउतारावर मक्याचं शेत, एकटं घर, वळणापर्यंत ना माणूस ना कुत्रं. मेजूला घेऊन यांग-मी अंगणात उतरल्या आणि आधी त्यांना दिसली खांबाला अडकवलेली साखळी. त्यांच्या संस्थेचा नियम होता, कुत्रं घरात ठेवणाऱ्यालाच द्यायचं. तो नियम करायला लावणाऱ्या यांग-मीच. त्याच्या जोरावर त्यांनी अकरा गावकऱ्यांना वाटेला लावलं होतं.

"आजोबा, ही साखळी?"

"कुत्र्याची."

"आमच्याकडे साखळी चालत नाही. तो घरात झोपतो."

"घरात?" आजोबांनी आधी मेजूकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. "बाई, बायकोच्या श्राद्धाचं ताट मी त्या जमिनीवर मांडतो. तिथं कुत्रं लोळवू?"

म्हातारा निदान खोटं तरी बोलत नव्हता. यांग-मींनी पट्टा आवरला. पण मेजू हलेना. वाळत घातलेल्या मिरच्यांना वळसा घालून तो ओसरीवर चढला. आल्यागेल्याला टेकायची ती लाकडी फळ्यांची जागा. चपला काढून खोलीत जायला नको की अंगणात ताटकळायला नको. मेजूनं रस्त्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. भुंकावं असं काहीच दिसेना, तेव्हा तो आडवा झाला आणि भरदुपारी घोरू लागला. दोन वर्षांत यांग-मींनी ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांना आनंद झाला आणि त्याच दमात वाईटही वाटलं. आपल्या घरी याला काय कमी होतं?

तेवढ्यात संस्थेच्या सेरीनचा फोन आला. ती अर्ज समोर घेऊन बसली होती.

"ताई, कुठं राहणार तो? आत की बाहेर?"

यांग-मींनी ओसरीकडे पाहिलं. वर छप्पर होतं, पण समोर भिंत नव्हती. आत म्हणावं तर थाप, बाहेर म्हणावं तर अर्ज बाद, आणि मग ती लिफ्ट नाहीतर ती चाळीस कुत्री. आपलाच नियम आपल्याच गळ्यात. "थांब हं, बघते," त्या म्हणाल्या.

आजोबांच्या कानावर सगळं पडत होतं. ते गुडघ्यांवर हात देत उठले, खोलीत गेले, आणि आपली गादी नि उशी ओढत बाहेर आले. मेजूपासून हातभर अंतर राखून त्यांनी ती फळ्यांवर अंथरली.

"सांगा तिला," ते म्हणाले, "म्हातारा झोपतो तिथंच झोपतो म्हणावं."

"आणि हिवाळ्यात?"

आजोबांनी मागे खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"ताट कपाटावर मांडीन," ते म्हणाले. "बायकोला आधी विचारावं लागेल."

फोनवर सेरीन विचारतच होती. यांग-मींना अजूनही कळत नव्हतं, याला आत म्हणणं खरं की खोटं.

"आत," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.