घाटाखाली ओतलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. अ‍ॅल्युमिनियमची, चपटी, अंगावर जाड खाकी कापड आणि खांद्याला पट्टा. मला सैनिकांसाठी बनवलं होतं, पण सैनिक काही मला भेटला नाही. मोठी लढाई संपली आणि माझ्यासारख्या शेकडो बाटल्यांचा ढीग मुंबईच्या जुन्या बाजारात येऊन पडला. तिथून मला धोंडूबाबांनी उचललं.

धोंडूबाबा रत्नागिरीतल्या मांडवीचे. तेव्हा ते पंचविशीचे होते, त्यांना कुणी बाबा म्हणत नव्हतं. ते बोटीवर आगवाले होते. बोटीच्या पोटातल्या भट्टीत फावड्याने कोळसा घालायचा, हे त्यांचं काम. वर समुद्राचा वारा सुटलेला असे आणि खाली माणसं भाजून निघत. तांबड्या समुद्रात शिरलं की भट्टीजवळची लोखंडी शिडीसुद्धा हाताला चटका देई.

अशाच एका दुपारी नाटे गावचा बाबल्या भट्टीसमोर कोसळला. तो धोंडूबाबांचा जिवलग. नुकतंच त्याने डबाभर गार पाणी घटाघटा पिऊन टाकलं होतं. त्याच्या पोटऱ्यांत, मांड्यांत, पोटात गोळे आले. कातडीखाली मांस दगडासारखं घट्ट झालं होतं आणि तो मोठमोठ्याने ओरडत होता. बोटीवरचा म्हातारा मुकादम धावत आला आणि म्हणाला, "नुसतं पाणी देऊ नका त्याला. घामातून मीठ गेलंय, ते परत घाला." धोंडूबाबांनी माझ्यात चिमूटभर मीठ, गूळ आणि लिंबू घातलं. बाबल्याला घोट घोट पाजलं. त्याचे पाय सरळ धरून चवडे गुडघ्याकडे दाबले. बऱ्याच वेळाने बाबल्या उठून बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या दिवसापासून माझ्यात साधं पाणी कधी भरलं गेलं नाही. बोटीवर नवा माणूस आला की धोंडूबाबा त्याला जवळ बसवून सगळं समजावत. तहान लागण्याआधी प्यायचं, थोडं थोडं प्यायचं, आणि पहिल्या तासात सगळा जोर दाखवायचा नाही. आगवाले माझ्यातल्या पाण्याला 'धोंड्याचं पाणी' म्हणत. धोंडूबाबा शाळा दुसरीपर्यंत शिकले होते. जगात त्यांना पक्की ठाऊक असलेली अशी ही एकच गोष्ट होती.

पुढे कोळशाच्या बोटी गेल्या. धोंडूबाबा खोकला घेऊन घरी आले आणि मी पडवीतल्या खुंटीवर लटकले. वर्षामागून वर्षं गेली. माझ्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलं. कुणी मला खाली काढलं नाही.

धोंडूबाबांचा मुलगा सदू तारवाला होता, टपालखात्यात आलेल्या तारा घरोघरी पोचवणारा. खाकी पिशवीत तारा घेऊन तो सायकलवर रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये फिरे. त्याचे पाय फार मजबूत होते. १९८५ साली चैत्रात एका क्रीडामंडळाने सायकलची शर्यत जाहीर केली. रत्नागिरीहून राजापूर आणि परत, सव्वाशे किलोमीटरच्या वर. सदूने नाव दिलं, आणि धोंडूबाबा कितीतरी वर्षांनी ताठ उभे राहिले.

त्यांनी मला खाली काढलं, राखेने घासलं, कढत पाण्याने धुतलं. सुनेला, मैनाला, म्हणाले, "मैना, कोकमाचं आगळ काढ गो. त्यात मीठ असतंच. वर साखर घाल आणि पाणी भरपूर." मग ते सदूला घेऊन बसले. "नुसतं गटागट पाणी पिऊन भागत नाय. दर दोन मैलांना दोन घोट. तहान लागायची वाट बघशील तर फसशील. आणि मीठ जास्त नको, नायतर वाटेत ओकशील." मैना हसली. त्यांनी सदूच्या सायकलची बैठक दोन बोटं वर करवली, म्हणजे पाय पुरता लांबेल. रविवारी त्याला लांब लांब पाठवलं, परत आल्यावर पोटऱ्या ताणायला लावल्या. महिनाभर त्या घरात जणू सण होता. खोकलासुद्धा कमी झाल्यासारखा वाटे.

शर्यतीच्या सकाळी सदूने मला सायकलच्या दांड्याला बांधलं. सुरुवातीच्या रेषेपाशी दोन-चार जणांनी मला पाहिलं. एकजण म्हणाला, "काय रे सदू, शर्यतीला चाललास का लढाईला?" सगळे हसले. सदूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

हातखंब्यापर्यंत तो दोनदा पाणी प्यायला. पालीनंतर तो पहिल्या तिघांत आला आणि मग त्याला पुढे जाण्याखेरीज काहीच सुचेना. अंजणारीचा घाट पुढे होता. जोडीचा सायकलवाला पुढे सरकला. सदूने माझ्याकडे पाहिलं. मी अर्ध्याहून जास्त भरलेली होते, जड होते. त्याने चालत्या सायकलवर माझं बूच काढलं आणि मला उलटं धरलं.

मित्रांनो, लाल-जांभळं पाणी डांबरावर पडलं आणि बघता बघता वाळलं.

तो हलका झाला, घाट जोरात पार केला, राजापूरला पहिला पोचला. टाळ्या पडल्या. तिथे तो दोन लोटे साधं पाणी एका दमात प्यायला आणि वळला. ऊन डोक्यावर आलं होतं. ओणी गेलं, लांजा गेलं. अंजणारीच्या चढावर त्याच्या उजव्या मांडीत गोळा आला. तो दामटून पुढे गेला. मग डाव्या पोटरीत आला, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला आडवे झालो. माझ्या कुशीतला हा पोचा तेव्हाचा.

रस्त्यालगत सोनूबाई नावाची बाई काजूची बोंडं वेचत होती. ती धावत आली. तिने त्याची टाच धरली आणि चवडा हळूहळू मागे दाबला. "वरड, वरड, पण पाय आखडू नको," ती म्हणाली. "भाताच्या लावणीत आम्हाला पण येतात गोळे. पाणी हाय तुझ्याकडे?"

"नाय मावशी," सदू म्हणाला.

एकामागून एक सगळे सायकलवाले पुढे गेले. संध्याकाळी सदू एका ट्रकमधून रत्नागिरीला उतरला.

धोंडूबाबा सकाळपासून शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी स्टुलावर बसून होते. गर्दी पांगली होती. मैना त्यांच्याजवळ उभी होती. मुलाला लंगडत येताना पाहून ते उठले.

"गोळे आले?"

"आले."

त्यांनी मला हातात घेतलं, हलवून पाहिलं. "पाणी संपलं होतं काय रे?"

सदू दमलेला होता, हरलेला होता. लोक बघत होते. तो म्हणाला, "सगळं प्यालो, बाबा. तुम्ही सांगितलंत तसंच प्यालो. तुमच्या पाण्याने काय झालं नाय."

मी ओरडू शकत नाही. मी नुसती धोंडूबाबांच्या हातात होते, आणि तो हात सैल पडलेला मला कळला.

"असेल," ते म्हणाले. "बोटीवरचं रस्त्यावर चालत नसेल."

ते सदूवर रागावले नाहीत. मैनाला एवढंच म्हणाले, "त्याला जेवायला घाल."

त्यानंतर त्यांनी कुणालाच काही शिकवलं नाही. शेजारची माणसं उन्हातून कामावरून आली की पूर्वी ते हटकून मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगत. आता मैनाने आपणहून विचारलं तरी म्हणत, "राहू दे गो. उगाच माझं काहीतरी."

ज्येष्ठात नाट्याहून बाबल्या भेटायला आला. त्याचेही केस पांढरे झाले होते. मला खुंटीवर पाहून तो खूश झाला. "धोंड्या, ही अजून हाय? हिच्या पाण्यानेच वाचलो मी."

धोंडूबाबांनी माझ्याकडे पाठ केली. मग म्हणाले, "पाण्याने नाय बाबल्या. तुझी दोरी बळकट होती, म्हणून वाचलास. मी आपला उगाच मोठेपणा घेत फिरलो."

"काय बोलतोस मेल्या!" बाबल्या म्हणाला.

सदू दारात उभा होता, बाहेर जायला निघालेला. त्याने ते ऐकलं. त्याचा हात सायकलच्या मुठीवर तसाच राहिला. मला वाटलं, आता बोलेल. तो दोन पावलं आत आलासुद्धा. मग त्याने मान खाली घातली आणि पिशवी घेऊन निघून गेला.

पुढे रोज तो वडिलांच्या खाटेजवळ येऊन बसे. "बाबा" म्हणे आणि मग औषधाचं विचारी. धोंडूबाबांचा दम वाढत गेला. श्रावणात एका सकाळी सदू तारा वाटायला लांबच्या वाडीत गेला होता, तेव्हा ते गेले. दुसऱ्यांच्या घरी बातम्या पोचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरची बातमी दुपारी कळली.

पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा भरली. सदूने मैनाला आगळ काढायला सांगितलं आणि मला स्वतः घासलं. या वेळी सुरुवातीच्या रेषेपाशी कोण हसलं, कोण नाही, त्याने पाहिलं नाही. दर दोन मैलांना तो दोन घोट घेत होता. पुढे जाणाऱ्यांना त्याने जाऊ दिलं. राजापूरला मैनाचा भाऊ दुसरं पाणी घेऊन उभा होता, ते त्याने माझ्यात भरून घेतलं. परतीच्या वाटेवर अंजणारीला पोटरी थरथरली. तो लगेच सावकाश झाला, टाच खाली दाबून पाय लांबवला, दोन घोट प्यायला. थरथर थांबली. तो तिसरा आला.

त्याच्या गळ्यात हार पडला. बाबल्या मुद्दाम नाट्याहून आला होता. त्याने सदूला मिठी मारली आणि मला थोपटून म्हणाला, "बघितलंस? मी सांगत होतो धोंड्याला!"

सदू म्हणाला, "काका, गेल्या वर्षी मी पाणी प्यालोच नव्हतो. घाटाखाली ओतून दिलं. बाबांना खोटं सांगितलं."

बाबल्याचा हात माझ्यावरून निघाला.

"त्याला सांगायचं होतंस रे," तो म्हणाला. "मला सांगून आता काय?"

आणि तो एस.टी. स्टँडकडे चालू लागला. मैनाने हाक मारली, तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही. सदूने हार काढून हातात धरला होता. त्या वर्षानंतर त्याने शर्यतीत नाव दिलं नाही.

मित्रांनो, लांबच्या वाटेला निघालात तर थोडं थोडं पीत जा, मीठ विसरू नका, जोर राखून ठेवा. गोळा आला तर पाय आखडू नका, सावकाश ताणा. माझ्यासारखी एखादी बाटली घरात असेल तर ती वापरल्यावर धुऊन, सुकवून ठेवा. पण याहून एक मोठं मागणं आहे. घरातलं एखादं म्हातारं माणूस त्याला ठाऊक असलेली एकुलती एक गोष्ट तुम्हाला देत असेल, तर ती घ्या. नसेल घ्यायची तर नका घेऊ. पण मग घेतली नाही, असं त्याच्या तोंडावर खरं सांगा. त्याला राग येईल, तो दोन शब्द बोलेल, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला पुन्हा शिकवायला बसेल.