राघोच्या घड्याळातले सहा

राघोच्या मुलीचं, रूपाचं लग्न झालं ते साल दोन हजार चार. मांडवात मानपानाच्या वेळी व्याही सावळाराम यांनी राघोच्या मनगटावर घड्याळ बांधलं. स्टीलचा पट्टा, मधल्या कड्या सोनेरी. दिघाशी गावात असं घड्याळ लग्नकार्यात मिरवायचं आणि एरवी ट्रंकेत ठेवायचं. राघो मात्र ते घालून पुढच्याच सोमवारी काल्हेरच्या गोदामात हमालीला निघाला.

"गोणी उचलताना काच फुटंल," बायको ठकुबाई म्हणाली.

"ट्रंकेत ठेवून कुणाला वेळ सांगंल ते?"

वेळेचंच तर दुखणं होतं. गोदामाच्या गेटवरचं घड्याळ सकाळी बरोबर असे आणि संध्याकाळी वीस मिनिटं मागे. हमाल मागच्या शेडमध्ये जेवायला बसले की मुकादम केसरीनाथ काटे मागे सारायचा. कळत सगळ्यांना होतं. पण मोबाईल गेटवर जमा, दाखवायला हातात काही नाही. सव्वासहाची जीप रोज चुकायची. मग ट्रकला हात करत शेलार गावापर्यंत जायचं आणि तिथून पुढे पायी.

पहिल्या दिवशी राघोने गोणी ठेवली. "सहा वाजलं."

केसरीनाथने ट्रकवाल्याला वेळ विचारली. पाच वाजले होते. बापाच्या जुन्या घड्याळाला देई तशी राघो याला रोज चावी द्यायला गेला होता, त्यात काटेच पुढे सरकले.

"सेलवर चालतं रं ते. व्याह्यानं घड्याळ दिलं, अक्कल न्हाय दिली," केसरीनाथ म्हणाला. सगळे हसले. राघोही हसला, पण जावई कुमारकडे जाऊन टीव्हीच्या बातम्यांवर वेळ लावून आला.

"मामा, आता त्याला हात लावू नका," कुमारने बजावलं.

दुसऱ्या दिवशी सहाला राघोने गोणी ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"अर्धं सोनं, अर्धं लोखंड. खोटं घड्याळ हाय ते," केसरीनाथ म्हणाला.

"सोनं खोटं आसंल. काटं खरं हायत."

"उद्यापासून ते गेटवर काढायचं. न्हायतर यायचं न्हाय."

राघो आला, घड्याळ घालूनच. वॉचमनने हात पुढे केला, राघोने काढून दिलं नाही. गेट बंद झालं. तो घरी गेला नाही. समोर रस्त्याच्या कडेला बसून राहिला. सहा झाले तसा उठला आणि बांधावरून देतात तशी हाळी दिली, "सहा वाजलं रं."

आत हमालांतल्या दामूने गोणी खाली टाकली. बाकीचे काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी चौघांनी टाकली. आठ दिवस राघोची रोजी बुडाली. ठकुबाई भाकरी बांधून द्यायची आणि संध्याकाळी एवढंच विचारायची, "काच धड हाय ना?"

नवव्या दिवशी सहाच्या हाळीला सगळ्याच गोण्या खाली आल्या. दोन ट्रक अर्धे भरून उभे. केसरीनाथने सगळ्यांदेखत गेटवरच्या घड्याळाला शिडी लावली आणि काटे पुढे केले.

"आजून दोन मिनिटं," राघो खालून म्हणाला.

केसरीनाथने तीही पुढे केली. दुसऱ्या सकाळी राघो घड्याळासकट आत गेला.

घड्याळ आता कुमारच्या हातात आहे. काचेवर एक ओरखडा आहे, एवढंच. सावळाराम दोन हजार आठच्या होळीला गेले. राघो दोन हजार नऊच्या मार्गशीर्षात, बुधवारी वारला.