मिठाचा हात

पूजाने झाकण उघडलं तेव्हा आत कणकेचा गोळा तयार होता. सत्यशीलाबाईंनी आधी त्या गोळ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दीड मिनिट झालं होतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं परातीपुढे बसून त्यांनी मनगटांचा पार भुगा करून घेतला होता, आणि हे यंत्र चार गिरक्या घेऊन मोकळं झालं.

पूजाने, त्यांच्या लेकीने, हा फूड प्रोसेसर पुण्याहून आणला तो वडिलांसाठी. बाळंतपण आणि मग बदली, यात दीड वर्ष तिचं माहेरी येणं झालं नव्हतं. गेल्या महिन्यात भिमाजी भर चौकात चक्कर येऊन पडले. प्रेशर भलतंच वाढलं होतं, थोडक्यात निभावलं. चार दिवस सावेडीतल्या दवाखान्यात काढून घरी आले ते डॉक्टरांचा हुकूम घेऊन: मीठ कमी, भाज्या जास्त, जेवण घरचंच. सत्यशीलाबाईंना त्याचा रागच आला. घरचं नाही तर काय हॉटेलातलं खात होता हा माणूस? दवाखान्यातलं बेचव जेवणसुद्धा त्यांनी नवऱ्याला खाऊ दिलं नव्हतं. दोन्ही वेळा रिक्षाने डबा नेला होता.

पूजाने यंत्रात कोबी-गाजर बारीक केलं. मीठ मात्र चमच्याने मोजून घातलं, तेही बोटाने सपाट करून. दीडशे पोरींच्या आमटीला मुठीने मीठ टाकणाऱ्या बाईला हे बघवेना. न्याहारीला पराठे झाले. भिमाजींनी चार खाल्ले. सत्यशीलाबाईंनी एकच, तोही पाण्याच्या घोटाबरोबर. त्यांना तो भुशासारखा लागला. तशी त्यांची तक्रार जुनीच होती. हल्लीच्या पुडीतल्या मिठात खारटपणाच उरला नाही, दुप्पट घालावं तेव्हा कुठे जिभेला कळतं.

लेकीचं मन राखायला नवरा भुसा खातोय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. दुपारी त्यांनी यंत्र बाजूला सारलं, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची झणझणीत आमटी केली, नेहमीसारखं हाताने मीठ घातलं आणि दोघांपुढे वाट्या ठेवल्या.

पूजाने घोट घेतला आणि तोंड दाबून मोरीकडे धावली. भिमाजींनी मात्र निमूटपणे वाटी तोंडाला लावली होती. तिने परत येऊन ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, तुम्ही हे रोज पिता?"

सत्यशीलाबाईंना काही उमजेना. त्यांनी स्वतः आमटी चाखली. चांगली होती, उलट जरा अळणीच. तसं त्या बोलल्याही. त्यावर बापलेक त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या उठल्या. ओट्यावरचा मिठाचा डबा उघडून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. मग आणखी एक चिमूट. जिभेवर कच्चा रवा ठेवल्यासारखं वाटलं, बाकी काही नाही.

"कवापासनं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"तुला तो मोठा ताप आल्ता बघ, त्याच्या मागनं. आधी थोडं जास्ती व्हायचं. मंग वाढत गेलं."

"आन बोलला न्हाई तुमी?"

"कसं बोलू? नोकरी सुटल्यावर तुज्यापाशी तेवढंच ऱ्हायलं हुतं. अजून त्या पोरी तुज्या हाताचं नाव काढत्यात. म्हनलं, खारट तर खारट."

"दवाखान्यात बी?"

"व्हय."

सत्यशीलाबाईंनी मिठाच्या डब्याचं झाकण लावलं. रडूसुद्धा येईना. माझ्या हातचं खाल्लं की दोन दिवसांत उठून बसेल, असं त्यांनी तिथल्या नर्सबाईला ठणकावून सांगितलं होतं. हे दुखणं आलं कुठून, म्हणून महिनाभर त्या दूधवाल्याला आणि भाजीवर मारलेल्या औषधांना बोल लावत होत्या. आणि ते त्यांच्याच उजव्या हातातून दोन वेळा ताटात पडत होतं. त्यांना त्या हाताची भीती वाटली. आणि नवऱ्याचा संतापही आला. हा माणूस मरायला तयार झाला, पण एक शब्द बोलायला नाही.

पूजा म्हणाली, स्वयंपाकाला बाई लावू.

"न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तू माप लिहून दे."

संध्याकाळी त्या एकट्याच यंत्रापाशी उभ्या राहिल्या. कागदावर पाहून पीठ घेतलं, पाव चमचा मीठ घेतलं, पुन्हा एकदा कागदावर पाहिलं. पोळ्या केल्या, पालकाची डाळ केली. भिमाजींना वाढून स्वतः न जेवता समोर बसल्या.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या.

भिमाजींनी घास सावकाश चावला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोच्या जेवणाला कधी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

सत्यशीलाबाईंनी मान डोलावली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.