राहत्या घराचा पुरावा

घरपट्टीत सवलत हवी असेल तर मालकाने स्वतः घरात राहायला हवं, असा पालिकेचा नियम होता. राहतोय की नाही हे बघायला माणूस येणार होता. काकांना वाटलं, यात काय अवघड? आपण इतकी वर्षं दुसरं केलंय काय!

सवलत मिळाली नाही तर वरची खोली भाड्याने द्यायची, हे काकूंनी जाहीर करून टाकलं होतं. त्या खोलीत काका रोज ट्रम्पेट वाजवत. ते बँडमधून निवृत्त झाले होते. बँडचं म्हणणं होतं, काढलं.

पण काकूंच्या डोक्यात 'माणूस येणार' एवढंच शिरलं. आठवडाभर त्यांनी घर असं घासलं की भिंतींनाही लाज वाटावी. चपला, टूथब्रश, औषधं, काकांचा वाळत घातलेला पायजमा, जे जे चारचौघांत दाखवण्यासारखं नव्हतं ते सगळं एका मोठ्या बॅगेत कोंबून बॅग पलंगाखाली ढकलली.

तपासनीस आला. पोरगेलाच होता. त्याने बाथरूम बघितली, कोरडीठाक. फ्रिज उघडला, आत फक्त दिवा.

"काकू, इथे कोणी राहत नाही."

"अहो, आम्ही राहतो!" काका म्हणाले. "ब्रश दाखवू? बॅगेत आहेत."

"ब्रश काय, कुणीही आणतं. मागे एकाने आजोबा भाड्याने आणून बसवले होते."

काका बायकोकडे वळले. "तरी सांगत होतो, निदान माझा पायजमा तरी दोरीवर राहू दे!"

"तो बघून साहेबांनी घर धोकादायक ठरवलं असतं."

"धुतलेला होता!"

"कुणी धुतला? मी! तुम्ही फक्त वर बसून पिपाणी फुंका."

"पिपाणी नाही, ट्रम्पेट!"

"शेजारी काय म्हणतात ते सांगू का साहेबांसमोर?"

तपासनीस हळूच सोफ्यावर टेकला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "रिकाम्या घरात असं भांडण होत नाही," तो म्हणाला आणि पेनाचं टोपण काढून लिहायला लागला. काकांना हुरूप आला. म्हणजे जितकं भांडू तितकी खोली पक्की! त्यांनी जोर लावला, थेट सासरेबुवांपर्यंत पोचले.

काकू आत गेल्या. पलंगाखालची बॅग ओढत बाहेरच्या दारापर्यंत आल्या.

"मी चालले बहिणीकडे. कायमची."

तपासनिसाचं पेन थांबलं. "काकू, घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. बाबांनी दिलेलं."

"मग तुम्ही गेलात तर सवलत गेली."

"मी राहतोय की!" काका ओरडले.

"काका, तुम्ही मालक नाही. पालिकेच्या दृष्टीने तुम्ही सामानात येता."

काकांनी जिन्याकडे बघितलं. वर ट्रम्पेट होतं. मग बॅगेकडे बघितलं. तिच्यातून पायजम्याची नाडी लोंबत होती.

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"सगळं."

"नीट सांगा. साहेबांना लिहायला बरं पडेल."

काकांनी सांगितलं. ओला टॉवेल गादीवर टाकतो. सासरे चांगले होते. दुपारी तू झोपतेस तेव्हा वाजवतो, आता वाजवणार नाही. तपासनीस मान डोलावत होता. एका ठिकाणी त्याने "जरा सावकाश" असंही म्हटलं.

काकू खुर्चीत बसल्या. "राहते," त्या म्हणाल्या. तपासनिसाने तेवढाच शब्द लिहिला आणि खाली सही ठोकली. "पुढच्या वर्षी पुन्हा येईन," म्हणून तो गेला.

काका बॅग उचलायला वाकले.

"असू दे तिथेच, दारात," काकू म्हणाल्या. "घरात कोणी राहतंय असं वाटतं."

काकांनी चपला तेवढ्या मागून घेतल्या.