साडेतीन सेकंदांचं सरकार

मंडळी फुटली. रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, बाकांच्या मधल्या वाटेवरून, शिवण उसवावी तशी सरळ रेषेत फुटली. डावीकडचे बसलेले आणि उजवीकडचे उभे.

असं काही झालेलं नाही. पंचकमिटीच्या इतिवृत्तात तसा एकमताने ठराव आहे: 'सदर रविवारी मंडळी फुटली नाही.' सूचक डावीकडचे, अनुमोदक उजवीकडचे. एखादी गोष्ट झाली नाही म्हणून ठराव करण्याची त्या चर्चची ही पहिलीच वेळ. तेव्हा आपणही काही झालं नाही असं धरूनच चालू.

पाळक त्या चर्चमध्ये एकोणीस वर्षं होते. राजकारणाबद्दल कुणी मत विचारलं की ते दाराजवळच्या लोखंडी स्टँडकडे बोट दाखवायचे. छत्री आणि राजकारण तिथे ठेवून आत यायचं, असा त्यांचा नियम. छत्र्या पुष्कळदा विसरून राहायच्या. राजकारण परत न्यायला मात्र आजवर कुणी विसरलं नव्हतं.

अडचण एकच होती. उपासनेच्या क्रमात सातव्या क्रमांकावर, दुसऱ्या गीतानंतर आणि सूचनांच्या आधी, देशाच्या प्रमुखासाठी प्रार्थना होती, आणि ती नाव घेऊन करायची. शास्त्रात अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा एवढंच आहे. नावाची प्रथा आधीच्याही आधीच्या पाळकांनी घातली, कारण देश पुष्कळ आहेत आणि नुसतं 'प्रमुख' म्हटलं तर वर गोंधळ होईल अशी त्यांना धास्ती. एकोणीस वर्षांत पाळकांनी चार प्रमुखांसाठी नावानिशी शहाणपण मागितलं होतं. चौघांपैकी कुणालाही ते पोचल्याचं दिसलं नाही. पाळकांची तक्रार नव्हती. शहाणपण ते मंडळीसाठीही दर आठवड्याला मागत, आणि त्याचा निकाल तर त्यांच्या समोरच बसलेला असायचा.

त्या वर्षी निवडणूक झाली आणि दोघे जिंकले. म्हणजे जिंकला एकच असणार, पण कोण ते न्यायालय सांगणार होतं, आणि न्यायालय 'यथावकाश' म्हणालं होतं. तोवर दोघांनीही जनतेचे आभार मानून टाकले.

शनिवारी सकाळी पाळकांच्या कचेरीत दोन साडू आले. वेगवेगळे आले, पण दार एकच असल्यामुळे चौकटीत अडकले. त्यातले एक निवृत्त क्रीडाशिक्षक. शाळा सुटून सहा वर्षं झाली तरी त्यांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच सुटलं नव्हतं. ते डावीकडच्या बाकांचे म्होरके, आणि डावीकडचे सगळे जुन्या प्रमुखांच्या बाजूचे. दुसरे दातांचे डॉक्टर. ते चर्चचा ऑर्गन वाजवायचे, आणि उजवीकडचे बाक त्यांच्यासकट नव्या प्रमुखांच्या बाजूचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांचं आपसात उत्तम चाललं होतं, म्हणून त्या या गोष्टीत येत नाहीत.

सरांचं म्हणणं, निकाल लागेपर्यंत जुनंच नाव चालू ठेवावं, नाहीतर चौतीस कुटुंबं उद्यापासून यायची नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, जुनं नाव ऐकू आलं तर एकतीस कुटुंबं यायची नाहीत, आणि त्यांची सोयही झालेली आहे. दवाखान्याच्या वरचा हॉल रिकामाच असतो. चाळीस खुर्च्या कालच आल्या.

धमक्यांचं पाळकांना काही वाटलं नसतं. खुर्च्यांचं वाटलं. धमकी हवेत असते, खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली असते. शिवाय फुटलेली मंडळी कशी दिसते हे त्यांनी बघितलं होतं. त्यांचे वडीलही पाळक होते, आणि त्यांची मंडळी घड्याळ कुठल्या भिंतीवर लावायचं यावरून फुटली होती. मधोमध प्लायवूड ठोकलं. दोन्हीकडे एकाच वेळी उपासना. एकीकडे गीत सुरू झालं की दुसरीकडे त्याहून मोठ्याने. पाळक तेव्हा नऊ वर्षांचे होते. सख्खी आत्या प्लायवूडच्या पलीकडे बसायची. ती पलीकडेच वारली, आणि तिच्या दफनविधीला जायला वडलांना लेखी परवानगी काढावी लागली. परवानगी मिळाली. मागच्या रांगेची मिळाली.

"अहो, एवढं काय डोकं धरून बसलात," पाळकांची बायको दुपारी म्हणाली. ती चौथीला शिकवायची. "गाळलेली जागा ठेवा. माझी पोरं भरतात, तुमची मोठी माणसं भरतीलच की."

पाळकांनी जागा गाळली. रविवारी ते म्हणाले, "हे प्रभो, आमच्या देशाचे प्रमुख," आणि थांबले. डावीकडच्यांनी मनात एक नाव घेतलं, उजवीकडच्यांनी दुसरं. मग पाळक म्हणाले, "यांना शहाणपण दे." दाराशी दोन्हीकडच्यांनी त्यांचा हात हातात घेऊन, तुम्ही आमचंच नाव घेतलंत ते कळलं बरं का, असं हळूच सांगितलं.

शांतता सोमवारपर्यंत टिकली. सोमवारी डॉक्टर आले. जागा आखूड पडते, असं त्यांचं म्हणणं. जुन्या प्रमुखांचं नाव तीन अक्षरी. नव्या प्रमुखांचं नाव लांब, आडनाव त्याहून लांब आणि सुरुवातीला डॉक्टर ही पदवी. मनातल्या मनात आडनावापर्यंत पोचावं तोवर पाळक शहाणपणावर आलेले असतात. हा सरळसरळ पक्षपात आहे. यावर सरांनी कळवलं की लांब नावाचा माणूस उभा करताना याचा विचार करायला हवा होता.

कमिटीची बैठक अडीच तास चालली. सरांनी स्टॉपवॉच काढलं. प्रत्येक सभासदाने आपापल्या प्रमुखाचं नाव मनात भक्तिभावाने घ्यायचं आणि झालं की हात वर करायचा, अशी चाचणी झाली. सरासरी आणि सवलत धरून साडेतीन सेकंद ठरले. मग सरांच्याच बाजूच्या एकाने शंका काढली की आखूड नाववाले तेवढ्यात दोनदा नाव घेतील. आखूड नावाच्या बाजूचा असूनही तो हे का बोलला, हे त्याला नंतर घरीही विचारण्यात आलं. शेवटी, उरलेला वेळ प्रत्येकाने देशाच्या सर्वसाधारण कल्याणासाठी वापरावा, असा ठराव झाला.

पाळक आठवडाभर आरशासमोर थांबायचा सराव करत होते. बायको वह्या तपासता तपासता मोजायची आणि "आता बोला" म्हणायची.

साडेतीन सेकंद म्हणजे किती, हे शांत चर्चमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या सेकंदात माणसं नाव घेतात, दुसऱ्यात खोकतात, तिसऱ्यात पाळकांना झटका आला की काय म्हणून वर बघतात. शिंपीणकाकूंना ठराव कुणी सांगितला नव्हता. काकू एक्याऐंशीच्या. पाळकांचा झगा त्यांनीच शिवलेला, त्यामुळे पाळक अडले की त्यांना झगा काखेत काचतोय असं वाटायचं. पण त्या रविवारी त्यांनी निराळा निष्कर्ष काढला. प्रार्थना मधेच थांबली म्हणजे विनंत्या मागवलेल्या दिसतात. त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माझ्या जावेचा उजवा गुडघा."

पाळकांची गाडी उतारावर होती. "यांना शहाणपण दे," ते म्हणाले. "यांना प्रामाणिक सल्लागार मिळोत. यांच्या हातून आपल्या सीमा सुरक्षित राहोत."

"आमेन," मंडळी म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोन्हीकडून एकदम.

गुडघ्याला हरकत घेता येईना. हरकत घ्यायची तर त्या जागी कोण हवं ते सांगावं लागलं असतं. असे पाच रविवार गेले आणि पाचही रविवार देश गुडघ्याकडे राहिला. काकू दर वेळी ताजी माहिती घालायच्या: उजवाच, सूज उतरलीय, काल मोरीपर्यंत गेली. भाजीच्या दुकानात डावीकडचा माणूस उजवीकडच्याला भेटला की विचारायचा, "काय म्हणतंय सरकार?" आणि उजवीकडचा म्हणायचा, "वाकतंय म्हणे थोडं थोडं."

काकूंची जाऊ चर्चच्या समोरच, दुसऱ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नव्हती. दोन वर्षं ती खाली उतरली नव्हती आणि दोन वर्षं तिच्याकडे वर कुणी गेलं नव्हतं, हे पाळकांच्या आता ध्यानात आलं. ते बुधवारी जाऊ लागले. सर सोम-गुरुवारी जाऊन तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचे, स्टॉपवॉच लावून. डॉक्टरांनी ओळखीच्या हाडवैद्याला वर नेलं आणि गोळ्या सुरू करून घेतल्या. ते मंगळ-शुक्रवारी जायचे, म्हणजे जिन्यात साडूभाऊ भेटायला नकोत.

पाळक एकदा जिना उतरताना मधेच थांबले. एकोणीस वर्षांत चार प्रमुखांसाठी आपण प्रार्थना केली, पण त्यातल्या एकाचं तरी खरंच बरं व्हावं म्हणून आपण कधी जिना चढलो का? चारही नावं त्यांनी आठवून बघितली. तिसऱ्याचं आठवलंच नाही.

सहाव्या आठवड्यात, शुक्रवारी, न्यायालयाने निकाल दिला. जुनेच प्रमुख जिंकले. संध्याकाळी डॉक्टर कचेरीच्या दारात उभे राहिले.

"नाव घेणार?"

"घ्यावं लागेल," पाळक म्हणाले. "आता प्रमुख तेच आहेत. तुमचे आले असते तर त्यांचं घेतलं असतं."

"ते कळतं मला. पण आमची माणसं नाही बसायची. उद्या खुर्च्या मांडून ठेवतो." थोडं दुखेल असं ते ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात सांगितलं.

पाळकांनी शनिवारभर दुसरी वाट शोधली. जागा गाळलेलीच ठेवावी, तर आता ते खोटं होत होतं: उत्तर सगळ्या देशाला माहीत होतं. क्रमांक सात उडवावा, तर एका माणसासाठी प्रार्थना करायची नाही असं ठरल्यासारखं होत होतं, आणि तो माणूस कितीही असला तरी गुडघ्याइतका तर होताच. बायकोने या वेळी झग्याची उसवलेली काख शिवून दिली.

रविवारी नऊ चाळीसला पाळक म्हणाले, "हे प्रभो, आमच्या देशाचे प्रमुख," आणि तीन अक्षरी नाव घेतलं.

उजवीकडचे एकतीस कुटुंबांनिशी उभे राहिले. आवाज झाला नाही, फक्त बाकांची लाकडं सुटल्यासारखी करकरली. डॉक्टर ऑर्गनवरून उठले. पाळकांनी पुढे बोलायला हवं होतं, पण सवयीने ते नावानंतर थांबले. साडेतीन सेकंद. त्या थांबण्यात त्यांना प्लायवूडचा वास आला.

तेवढ्यात दार उघडलं आणि काकूंची जाऊ आत आली. एका हातात काठी, दुसरा हात बाकाच्या कडेला. दोन वर्षांनी.

मधली वाट एका माणसाएवढी. बाहेर पडायला निघालेले उजवीकडचे सगळे, पिशव्या हातात घेऊन, तिच्याकडे तोंड करून जागच्या जागी राहिले. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं उभं कशाला राहायचं?"

आम्ही तुमच्यासाठी उभे नाही, हे तिला कोण सांगणार. ती एक पाऊल टाकायची, थांबायची आणि जवळच्या माणसाची चौकशी करायची. सून आली का माहेराहून, डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं, धाकटी किती उंच झाली. डावीकडच्यांचीही करायची, उजवीकडच्यांचीही, कारण दोन वर्षं वर बसून तिला कोण कुठल्या बाजूला गेलं ते कळलेलं नव्हतं. माणसं उत्तरं देत होती. सरांनी सवयीने स्टॉपवॉच चालू केलं होतं. सहाव्या मिनिटाला त्यांनी ते शर्टाच्या आत टाकलं.

अकराव्या मिनिटाला ती ऑर्गनपाशी पोचली.

"डॉक्टर, तुमच्या गोळ्या भारी कडू हो," ती म्हणाली. "आता वाजवा की काहीतरी. दोन मजले उतरून आलेय मी."

डॉक्टरांनी उजवीकडच्यांकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. सरांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि पान शोधतोय असं दाखवलं. डॉक्टर बसले आणि हाताला आलं ते गीत वाजवायला लागले. ते बसून म्हणायचं गीत होतं, त्यामुळे उजवीकडचेही बसले.

सोमवारी मंडळी फुटली नसल्याचा ठराव झाल्यावर दोघे साडू कचेरीतच रेंगाळले. पाच वर्षांनी पुन्हा हेच होणार, सर म्हणाले. डॉक्टर म्हणाले, आणि बाईंना गुडघे दोनच आहेत. मग चूक नेमकी कुणाची यावर विचार झाला, आणि ती जुन्या प्रमुखांची नाही, नव्यांचीही नाही, तर रविवारी सकाळी देशात सरकार असण्याची आहे, यावर दोघांचं एकमत झालं. पाळकांनी लगेच कागद ओढला, एकमत थंड होऊ नये म्हणून. अर्जावर दोघांनी एकाच ओळीत सह्या केल्या. मजकूर असा:

'प्रति, माननीय देशप्रमुख (तत्कालीन). विषय: उपासनेच्या वेळेत सरकार बंद ठेवण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, दर रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा या वेळेत देशात कोणतेही सरकार अस्तित्वात असू नये. सदर दीड तासात सीमांची काळजी मंडळी घेईल. साडेदहानंतर सरकार पूर्ववत सुरू करण्यास आमची हरकत नाही. तथापि सूचना लांबल्यास दहा मिनिटे मागेपुढे होऊ शकतात, याची कृपया नोंद घ्यावी व तसे आदेश संबंधितांना येत्या शनिवारपूर्वी निर्गमित करावेत.'