कोरे आलेले तीन महिने

आरोग्य खात्याच्या आकडेवारी कचेरीत त्याला सगळे 'गाळलेल्या जागा' म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. चाळीस दवाखाने, दहा वर्षं आणि दर महिन्याचे तापाचे रुग्ण, असा अवाढव्य तक्ता त्याच्या हवाली होता. एखाद्या दवाखान्याचा महिना कोरा आला, की त्या दवाखान्याची मागची वर्षं आणि शेजारच्या दवाखान्यांचा चालू महिना ताडून तो आकडा बसवायचा. फोन करून विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. "शितावरून भाताची परीक्षा होते, मग पातेल्यात हात कशाला घालायचा?" असं तो नव्या लोकांना ऐकवी.

यंदा टेकडीपलीकडच्या दवाखान्याचे लागोपाठ तीन महिने कोरे आले. तिथली एकुलती एक नर्स म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. या तीन महिन्यांत तिने त्याचे फोनही उचलले नव्हते. भाचीच्या लग्नाला तो कामाचं निमित्त सांगून गेला नव्हता. ताई रुसली असणार, राग ओसरला की बोलेल, असं ठरवून तो मोकळा झाला.

तक्त्यात त्याने भरलं: एक्केचाळीस, त्रेचाळीस, चाळीस. आकडे शेजाऱ्यांशी छान जुळत होते. साहेबांनी त्यावरूनच जादा नर्स द्यायच्या दवाखान्यांची यादी केली, आणि टेकडीपलीकडचं नाव तीत आलं नाही.

पुढच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, आईलाच ताप आलाय. उठवत नाहीये तिला."

तो पहिल्या गाडीने गेला. ताई दवाखान्याच्याच खाटेवर पडली होती, निम्मी झालेली. उशाशी बुटाच्या खोक्यात चिठ्ठ्या कोंबल्या होत्या. औषधाच्या पुठ्ठ्यांवर, पाकिटांच्या पाठीवर, जिथे जागा मिळाली तिथे तिने रुग्णांची नावं खरडली होती. तो मोजत बसला. पहिल्याच महिन्यात एकशे नव्वद भरले. आपल्या हुशारीची त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"फोन का नाही उचललास, ताई?"

"हात रिकामा कुठे होता रे. तक्ताही तसाच कोरा धाडला."

"निदान एक ओळ तरी लिहायचीस."

"म्हटलं, दुसऱ्या कुणाला नाही, पण तुला कळेल. दहा वर्षांत माझा एक महिना चुकला नव्हता. कोरा कागद बघून तू धावत येशील असं वाटलं. मग तू काय लिहिलंस?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "एक्केचाळीस," तो म्हणाला.

ताईने हात लांब करून त्याच्या मांडीवरचं खोकं स्वतःकडे ओढून घेतलं.